मारिया चक्रीवादळ (२०१७): मार्ग, तडाखा आणि नंतरचे अंधारे महिने – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अटलांटिकमधल्या वादळांचा विषय निघाला की आपल्याकडे कतरिनाचं नाव आधी येतं. मारिया सहसा मागे पडतं, कारण ते न्यू ऑर्लिन्ससारख्या ओळखीच्या शहरावर न जाता छोट्या बेटांवरून गेलं. पण वारा थांबल्यावर माणसं कशाने मरतात हे समजून घ्यायचं असेल, तर मारियाकडे बघावं लागतं. एका दिवसाच्या वाऱ्याची किंमत पोर्तो रिको या कॅरिबियनमधल्या अमेरिकी बेटाने पुढे जवळजवळ वर्षभर मोजली.

मारिया नेमकं कुठून कुठे गेलं?

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून १२ सप्टेंबर २०१७ ला हवेचा एक लहरपट्टा अटलांटिकवर सरकला. १६ तारखेला लेसर अँटिलीस बेटांच्या पूर्वेला त्याचं कमी दाबाच्या वादळात रूपांतर झालं आणि त्याच दिवशी त्याला मारिया हे नाव मिळालं. १८ च्या रात्री नऊनंतर ते डॉमिनिका बेटावर धडकलं. तिथून ग्वाडलूपच्या जवळून वायव्येकडे सरकत, सेंट क्रॉय बेटाला झोडपत, २० सप्टेंबरच्या सकाळी सव्वासहाच्या सुमारास ते पोर्तो रिकोच्या आग्नेय टोकाला, याबुकोआ गावाजवळ जमिनीवर आलं. मग त्याने बेट तिरकं कापलं आणि दुपारी ते उत्तर किनाऱ्यावरून बाहेर पडलं.

पुढचा प्रवास त्या मानाने सौम्य होता. बहामाच्या पूर्वेकडून ते उत्तरेला गेलं, नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून अंतर राखून रेंगाळलं, पूर्वेला वळलं आणि महिनाअखेरीस उत्तर अटलांटिकवर त्याचं चक्रीवादळपण संपलं.

नकाशावर ही रेषा साधीच दिसते. पण पोर्तो रिको हे पूर्व-पश्चिम पसरलेलं बेट आहे आणि वादळाचं केंद्र त्याच्या एका कोपऱ्यातून शिरून दुसऱ्या बाजूने निघालं. बेटावर सुरक्षित म्हणावा असा कोपरा उरलाच नाही. चक्रीवादळ शेजारून गेलं तर निम्मं बेट उरलेल्या निम्म्याला मदत करू शकतं. इथे मदत करायला कोणी शिल्लक नव्हतं.

एका दिवसात कॅटेगरी एकवरून पाचवर? हे कसं शक्य आहे?

शक्य आहे आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. खाली समुद्राचं पाणी २९ अंशांच्या आसपास गरम होतं. वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांच्या दिशेत, वेगात फारसा फरक नव्हता, त्यामुळे वादळाचा मनोरा कलला नाही. हवा दमट होती. शिवाय मारियाचा डोळा, म्हणजे वादळाच्या मधला शांत भाग, अगदी लहान होता, आणि लहान डोळ्याची वादळं फार झपाट्याने जोर धरतात. तीव्रता वाढणार हे अंदाजात होतं, पण इतक्या वेगाने वाढेल हे नव्हतं. डॉमिनिकाच्या लोकांनी १८ च्या सकाळी ज्या वादळाची तयारी केली आणि रात्री जे वादळ आलं, त्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

मारियाचा सर्वाधिक जोर २० सप्टेंबरच्या आधीच्या रात्री समुद्रावर नोंदला गेला: ताशी सुमारे २८० किलोमीटर वारा आणि ९०८ मिलिबार दाब.

‘कॅटेगरी ५’ म्हणजे आपल्या हवामान खात्याच्या भाषेत काय?

ताशी २५२ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वाऱ्याला अमेरिकेत कॅटेगरी पाच म्हणतात. भारतीय हवामान विभागाच्या पट्टीत २२१ च्या वरचं सगळं ‘सुपर सायक्लोन’मध्ये जातं. दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवू नयेत, कारण अमेरिकी संस्था एका मिनिटाची सरासरी घेतात आणि आपला विभाग तीन मिनिटांची.

अंदाज यावा म्हणून सांगतो: जून २०२० मध्ये रायगड किनाऱ्यावर आलेलं निसर्ग आपल्या वर्गवारीत ‘तीव्र चक्रीवादळ’ होतं, वारा ताशी ११० किलोमीटरच्या आसपास. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या तेवढ्यानेच आडव्या झाल्या. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

एक मात्र आहे. ही वर्गवारी फक्त वाऱ्याची. पाऊस किती पडेल, समुद्र किती आत शिरेल, वीज किती दिवस जाईल, यातलं काहीही ती सांगत नाही.

डॉमिनिका म्हणजेच डॉमिनिकन रिपब्लिक का?

नाही. बातम्यांतसुद्धा ही गल्लत झाली होती. डॉमिनिकन रिपब्लिक हा हैतीला लागून असलेला मोठा, स्पॅनिश बोलणारा देश. डॉमिनिका म्हणजे सत्तरेक हजार वस्तीचं, डोंगराळ, इंग्रजी बोलणारं छोटं बेट. क्रिकेटवाल्यांना ते माहीत असतं: राजधानी रोझोमधल्या विंडसर पार्कवर जुलै २०२३ मध्ये मुंबईकर यशस्वी जयस्वालने पदार्पणाच्या कसोटीत १७१ धावा काढल्या होत्या.

डॉमिनिकात काय घडलं?

पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट त्या रात्री फेसबुकवर लिहीत होते. आपल्या घराचं छप्पर उडालं, घरात पाणी भरतंय, आपण पूर्णपणे वादळाच्या हवाली आहोत, अशा त्यांच्या ओळी जगाने वाचल्या. थोड्या वेळाने त्यांची सुटका झाल्याचं कळलं आणि मग बेटाचा संपर्कच तुटला. देशाच्या प्रमुखाची ही गत, तर डोंगरउतारावरच्या पत्र्याच्या घरांचं काय झालं असेल, ते निराळं सांगायला नको.

उजाडल्यावर विमानातून जे दिसलं ते तपकिरी होतं. रानाने झाकलेल्या या बेटावरच्या झाडांना पानच उरलं नव्हतं. दहातल्या नऊहून अधिक घरांची छपरं गेली किंवा मोडली. मृत आणि बेपत्ता मिळून ६५ माणसं गेली. नुकसान सुमारे १३१ कोटी डॉलरचं, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सव्वादोन पट. मोठ्या देशाच्या हिशेबात ही रक्कम कुठे दिसणारही नाही, पण डॉमिनिकाला ती दोन वर्षांच्या कमाईपेक्षा जड होती. तिथलं रॉस वैद्यकीय विद्यापीठ वादळानंतर बार्बाडोसला गेलं ते परतलं नाही. त्याच्या विद्यार्थ्यांवर चालणाऱ्या खानावळी आणि भाड्याच्या खोल्या गेल्या, ते नुकसान वेगळंच.

पाचच दिवसांनी स्केरिट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे राहिले आणि हवामानबदलाच्या युद्धाच्या आघाडीवरून आपण थेट इथे आलो आहोत, असं त्यांनी सुनावलं. अशा भाषणांत अलंकार फार असतात. या भाषणात तो अलंकार नव्हता.

पोर्तो रिकोला पोचेपर्यंत जोर कॅटेगरी चारवर आला होता. मग एवढं नुकसान कसं?

वारा ताशी सुमारे २५० किलोमीटर होता, कॅटेगरी पाचच्या उंबरठ्यावर. जोर कमी झाला त्याचं कारण मात्र दिलासा देणारं नव्हतं. किनाऱ्याला येता येता जुन्या डोळ्याभोवती ढगांची दुसरी, मोठी भिंत तयार झाली आणि आतली विरायला लागली. अशा वेळी मधला कमाल वेग थोडा उतरतो, पण जोरदार वाऱ्याचा घेर वाढतो. एक चिंचोळा पट्टा चिरडण्याऐवजी वादळाने जवळजवळ सगळं बेट कवेत घेतलं.

उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजव्या हाताला जोर जास्त असतो. ती बाजू उमाकाओ, नाग्वाबो, सेइबा या पूर्व किनाऱ्यावरच्या गावांच्या वाट्याला आली. तिथे समुद्राचं पाणी जमिनीवर दोन-अडीच मीटरपर्यंत चढलं. उमाकाओजवळच्या पुंता सांतियागो वस्तीतल्या लोकांनी नंतर भररस्त्यात मोठ्या पांढऱ्या अक्षरांत मदतीची हाक लिहून ठेवली: पाणी हवं, अन्न हवं. वरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरला दिसावं म्हणून. फोन बंद पडलेल्या गावाला तेवढाच मार्ग उरला होता.

१९२८ नंतर पोर्तो रिकोवर आलेलं हे सर्वांत जोरदार वादळ. त्याआधी दोनच आठवडे, ६ सप्टेंबरला, इर्मा उत्तरेकडून निसटतं गेलं होतं आणि दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती. ती दुरुस्ती पुरी व्हायच्या आत मारिया आलं.

वारा मोजला कसा?

जमिनीवर फारसा मोजताच आला नाही. बेटावरची यंत्रं एकामागून एक बंद पडली आणि कायेजवळच्या डोंगरावरचं हवामान रडार वाऱ्याने मोडलं. आकडे आले ते वादळात शिरणाऱ्या विमानांनी सोडलेल्या उपकरणांवरून आणि उपग्रहांवरून.

पाऊस किती पडला?

काग्वास परिसरात सुमारे ९६० मिलिमीटर. डोंगरात हजारो दरडी कोसळल्या. वायव्येकडच्या ग्वाहाताका धरणाच्या सांडव्याचं काँक्रीट २२ सप्टेंबरला उखडायला लागलं आणि खालच्या सुमारे ७० हजार लोकांना घर सोडायला सांगावं लागलं. धरण टिकलं. उत्तर किनाऱ्यावर तोआ बाहामध्ये ला प्लाता नदीचं पाणी रात्री शिरलं आणि लोक छपरांवर चढून बसले.

उतुआदोजवळ एका वस्तीचा पूलच वाहून गेला. लोकांनी नदीवर तार ताणली, तिला कप्पी लावली आणि बाजारहाटाच्या ढकलगाडीची चाकं काढून ती तारेवर टांगली. पाण्याच्या बाटल्या, औषधं, तांदूळ, सगळं त्या पाळण्यातून पलीकडे जायचं. स्वतःच्या वस्तीला त्यांनी ‘विसरलेल्यांची छावणी’ असं नाव दिलं. नावातला टोमणा कोणाला आहे ते उघड आहे.

संपूर्ण बेटाची वीज एकदम कशी गेली?

इथे वादळाची वाट आणि तारांची वाट एकत्र बघावी लागते. पोर्तो रिकोची मोठी वीजकेंद्रं दक्षिण किनाऱ्यावर आहेत, तर राजधानी सान हुआन आणि बहुतेक मागणी उत्तरेला. मधे डोंगररांग. वीज उत्तरेला नेणारे मनोरे त्या डोंगरांवरून, दाट झाडीतून जातात, जिथे दुरुस्तीची गाडी जायला रस्ता नाही. मारियाने नेमके तेच डोंगर ओलांडले. केंद्रं बऱ्यापैकी उभी राहिली, मनोरे आणि खांब पडले. वीज तयार करता येत होती, पण पोचवता येत नव्हती.

पण सगळा दोष वाऱ्यावर टाकणं बरोबर नाही. तिथल्या सरकारी वीज कंपनीवर सुमारे ९०० कोटी डॉलरचं कर्ज होतं आणि जुलै २०१७ मध्येच ती दिवाळखोरीत गेली होती. अनुभवी माणसं सोडून गेली होती, सुट्या भागांचा साठा नव्हता, तारांजवळची झाडं वर्षानुवर्षं छाटलेली नव्हती. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटण्याचं काम कंटाळवाणं असतं आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते आधी कापलं जातं. वादळानंतर दुरुस्तीचं ३० कोटी डॉलरचं कंत्राट दोनच पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या मोंटानातल्या एका कंपनीला दिलं गेलं. गदारोळ झाल्यावर ऑक्टोबरअखेरीस ते रद्द झालं, पण तोवर दिवस गेले ते गेलेच.

शेवटच्या घरांत वीज यायला ऑगस्ट २०१८ उजाडला. जवळजवळ अकरा महिने. अमेरिकेच्या इतिहासात याहून लांब वीजबंदी नाही. मधेच एप्रिल २०१८ मध्ये दुरुस्तीच्या कामावरचं एक खोदयंत्र तारेला लागलं आणि पुन्हा सगळं बेट अंधारात गेलं.

मृतांचा खरा आकडा कोणता: ६४, २,९७५ की ४,६४५?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. तिन्ही आकडे खरोखर जाहीर झालेले आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

६४ हा सरकारचा सुरुवातीचा आकडा. ज्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर वादळाचा उल्लेख होता, तेवढेच यात धरले. छप्पर अंगावर पडलं, पुरात वाहून गेले, असे. पण समजा एखादे आजोबा घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर आहेत. वीज गेली, जनरेटरचं डिझेल संपलं, रस्ता दरडीखाली. तीन आठवड्यांनी ते गेले तर दाखल्यावर ‘श्वसनविकार’ लिहिलं जातं. डॉक्टर खोटं लिहीत नाहीत, पण वादळ कागदावर येतच नाही. आपत्तीशी संबंध कसा नोंदवायचा, हे बऱ्याच डॉक्टरांना कोणी शिकवलेलंही नव्हतं.

२,९७५ हा जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाचा अंदाज. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या सहा महिन्यांत, वादळ नसतं तर जितके मृत्यू अपेक्षित होते त्याहून किती जास्त झाले, हे त्यांनी काढलं. बेट सोडून गेलेल्यांचा हिशेबही धरला. ऑगस्ट २०१८ मध्ये पोर्तो रिको सरकारने हाच आकडा अधिकृत मानला. गरीब वस्त्यांतले लोक आणि वृद्ध पुरुष यांना धोका सर्वांत जास्त होता.

४,६४५ हा त्याआधी मे २०१८ मध्ये आलेला, हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे ३,३०० घरांत फिरून केलेल्या पाहणीवरचा अंदाज. त्याचा पल्ला ७९३ पासून ८,४९८ पर्यंत होता. माध्यमांनी पल्ला सोडला आणि मधला आकडा उचलला. त्या पाहणीतला जास्त महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच आहे: सुमारे एक तृतीयांश मृत्यूंमागे उपचार वेळेवर न मिळणं किंवा खंडित होणं होतं.

माझ्या मते २,९७५ वापरावा, आणि सोबत तो ‘अंदाज’ आहे हे सांगावं. जून २०१८ मध्ये, सरकारी आकडा ६४ वरच अडलेला असताना, लोकांनी सान हुआनच्या विधिमंडळ इमारतीसमोर गेलेल्या माणसांच्या चपला-बूट आणून मांडले. शेकडो जोड. म्हाताऱ्यांच्या चपला, लहान मुलांचे बूट. सरकारचा हिशेब चुकतोय हे सांगायला त्यांना तक्ता लागला नाही.

डायलिसिस, इन्सुलिन लागणाऱ्यांचं काय झालं?

व्हिएकेस या छोट्या बेटावरचं रुग्णालय निकामी झालं. तिथल्या डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा विमानाने मुख्य बेटावर न्यावं लागे, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. इन्सुलिनला थंडावा लागतो, त्यामुळे बर्फासाठी रांगा. नळाला पंप लागतो, पंपाला वीज, म्हणून लोकांनी ओढ्यांचं पाणी प्यायलं, आणि लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. २००५ चा महापूर पाहिलेल्या मुंबईकरांना ‘लेप्टो’ वेगळा समजावून सांगायला नको.

पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग आहे ना? मग मदत का रखडली?

भाग आहे, पण राज्य नाही. तिथले लोक १९१७ पासून अमेरिकी नागरिक आहेत, तरी बेटावर राहून अध्यक्षपदासाठी मत देता येत नाही. अमेरिकी बंदरांमधली मालवाहतूक अमेरिकी जहाजांतूनच व्हायला हवी, असा जुना कायदा आहे. तो वादळानंतर आठवड्याने, तोही दहाच दिवसांसाठी शिथिल केला. बंदरात कंटेनर साचलेले आणि ते हलवायला ट्रक, चालक, डिझेल नाही, अशीही अवस्था होती. ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद असताना चालकाला कामावर बोलावणार तरी कसं?

समुद्रापलीकडे मदत नेणं टेक्सासपेक्षा अवघड, हे खरंच. पण मत नसलेल्या माणसांची घाई दिल्लीतही नसते आणि वॉशिंग्टनमध्येही नसते. पुढच्या वर्षभरात बेटाची लोकसंख्या सुमारे चार टक्क्यांनी, म्हणजे १ लाख ३० हजारांच्या आसपास घटली. बरेच जण फ्लोरिडाला गेले, आणि तिथे त्यांना मत देता येतं.

या वादळाचा अमेरिकेतल्या सलाईनशी काय संबंध?

अमेरिकी रुग्णालयांना लागणाऱ्या सलाईनच्या छोट्या पिशव्यांचा मोठा भाग पोर्तो रिकोतल्या कारखान्यांत बनत असे. ते बंद पडले आणि पार मुख्य भूमीवरच्या परिचारिकांना औषधं पिशवीतून सोडण्याऐवजी सिरिंजने हळूहळू द्यावी लागली.

भारतातून नेलेल्या माकडांची गोष्ट खरी आहे का?

खरी. पूर्व किनाऱ्याजवळच्या कायो सांतियागो या इवल्याशा बेटावर १९३८ मध्ये संशोधनासाठी भारतातून चारशेच्या वर ऱ्हीसस माकडं नेऊन सोडली. ही उत्तर भारतातली लाल तोंडाची जात. त्यांचीच पिलावळ आजही तिथे आहे. मारियाने बेटावरची बहुतेक झाडी नेली, पण माकडं बहुतांशी वाचली.

पुढचं जास्त मजेशीर आहे. ऱ्हीसस माकडं मुळात भांडखोर. पण झाडं गेल्यावर दुपारची सावली ही दुर्मीळ चीज झाली, आणि संशोधकांना दिसलं की ती उरलेल्या सावलीत एकमेकांना खेटून, एकमेकांना सहन करत बसायला लागली. जी जास्त मिळतंजुळतं घेत होती, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त राहिली. ही सवय वादळानंतर काही वर्षं टिकली.

हवामानबदलामुळे मारिया आलं का?

एकेका वादळाचं असं कारण सांगता येत नाही. पावसाबद्दल मात्र थोडं ठाम बोलता येतं: १९५६ पासून पोर्तो रिकोवर परिणाम करणाऱ्या १२९ वादळांच्या अभ्यासात सर्वाधिक पाऊस मारियाचा निघाला, आणि समुद्र तापल्यामुळे असा पाऊस पूर्वीपेक्षा जास्त संभवतो, असं त्यातून दिसलं.

आता तिथली वीज सुधारली का?

फारशी नाही. १८ सप्टेंबर २०२२ ला फियोना आलं, मारियापेक्षा कितीतरी कमी जोराचं, तरी सगळं बेट अंधारात. वितरण २०२१ मध्ये खासगी कंपनीकडे गेलं, लोकांच्या तक्रारी तशाच. ३१ डिसेंबर २०२४ ला जवळपास सगळी वीज गेली, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा, आणि दोन्ही वेळा वादळ नव्हतं.

बदल झाला तो छपरांवर. अदहुंतास या डोंगरी गावातल्या ‘कासा प्वेब्लो’ संस्थेकडे आधीपासून सौर पॅनेल होते. मारियानंतर आसपासचे लोक तिथे फोन आणि श्वसनाची यंत्रं चार्ज करायला येत. ते पाहून बेटावर एक लाखाहून अधिक घरांनी पॅनेल आणि बॅटऱ्या बसवल्या. ज्यांना परवडलं त्यांनी. बाकीचे अजून इन्व्हर्टर, जनरेटर आणि नशिबावर आहेत.

मारिया नावाचं वादळ पुन्हा येईल का?

अटलांटिकमध्ये नाही. तिथे नावांच्या सहा याद्या आलटून-पालटून वापरतात, पण फार नुकसान करणाऱ्या वादळाचं नाव कायमचं काढून टाकतात. मारियाच्या जागी मार्गो आलं. ते नाव सप्टेंबर २०२३ मध्ये एका वादळाला मिळालंही. ते भर अटलांटिकमध्ये फिरलं आणि जमिनीला न लागता विरलं.